डाय किती दिला, ते कार्डावर लिहा

अँजिओग्राफी करावी लागेल असे सांगितले की माकणी, सास्तूर, लोहारा भागातून येणारा रुग्ण हल्ली पहिला प्रश्न खर्चाचा विचारत नाही. महात्मा फुले जनआरोग्य योजनेमुळे तो प्रश्न बराचसा मागे पडला आहे. पहिला प्रश्न असतो, ‘डाय टाकल्यावर किडनी जाती म्हनं, खरं हाय का सायेब?’ कुणाच्या तरी पाहुण्याला लातूरला किंवा सोलापूरला नेले, तपासणी झाली आणि आठ दिवसांत डायलिसिसवर घ्यावे लागले, अशी एक गोष्ट बहुतेक गावांत सांगितली जाते.

ही भीती पूर्ण खरी नाही आणि पूर्ण खोटीही नाही. तिच्यामुळे दोन प्रकारचे नुकसान होते. हृदयविकाराचा झटका आलेला, ताबडतोब अँजिओप्लास्टीची गरज असलेला माणूस ‘किडनी जाईल’ म्हणून सही करत नाही. आणि ज्याची किडनी खरोखरच निम्मी उरली आहे, तो कुणी नीट हिशेब न करता टेबलावर जातो. या दोन्हींच्या मधला रस्ता म्हणजे डाय मोजून वापरणे. जगभरात यासाठी नवे तंत्रज्ञान येत आहे, त्याला इमेज फ्यूजन म्हणतात. ते काय आहे, त्याची मर्यादा काय, आणि ते आपल्या जिल्ह्यापर्यंत येण्याची वाट पाहत असताना आजच काय करता येईल, हे सांगण्यासाठी हा लेख.

रंग नसलेला डाय

आधी नावाचा घोळ मिटवू. डाय म्हणजे रंग नव्हे. बाटलीतले हे औषध पाण्यासारखे स्वच्छ असते. त्यात आयोडीन असते आणि आयोडीन क्ष-किरण अडवते. रक्तवाहिनी एरवी क्ष-किरणांत दिसत नाही. आयोडीन भरले की ती तेवढ्या दोन-चार सेकंदांपुरती काळी उमटते. रक्त पुढे वाहिले की चित्र पुसले जाते. पुन्हा पाहायचे तर पुन्हा डाय द्यावा लागतो. डायचे प्रमाण वाढते ते या ‘पुन्हा’मुळे.

ही कल्पना क्ष-किरणांइतकीच जुनी आहे. राँटगेन यांनी नोव्हेंबर १८९५ मध्ये क्ष-किरण शोधले आणि जानेवारी १८९६ मध्ये व्हिएन्नात एका मृत हाताच्या रक्तवाहिन्यांचे पहिले चित्र निघाले. जिवंत माणसाच्या मेंदूतील रक्तवाहिन्या १९२७ मध्ये लिस्बनला एगास मोनिझ यांनी दाखवल्या. आरंभीचे डाय फार जहाल होते. ते सौम्य करण्याचे मोठे श्रेय स्वीडनचे क्ष-किरणतज्ज्ञ टॉर्स्टेन आल्मेन यांचे. खाऱ्या समुद्रात पोहताना डोळे चुरचुरतात, कमी खारट पाण्यात चुरचुरत नाहीत, या साध्या अनुभवावरून डायची ‘खारटपणा’सारखी तीव्रता रक्ताच्या जवळ आणली पाहिजे, हे त्यांच्या लक्षात आले. आज आपण वापरतो ते डाय त्याच विचारातून आले आहेत आणि बहुतेक रुग्णांना ते काही त्रास देत नाहीत.

मग किडनीचे काय? डाय शरीरातून लघवीवाटे बाहेर पडतो, म्हणजे सगळा किडनीतून जातो. किडनीच्या आतल्या भागाला मुळातच प्राणवायू बेताचा मिळतो. डायमुळे तिथल्या बारीक वाहिन्या आकसतात आणि नलिकांच्या पेशींनाही थेट इजा होते. निरोगी किडनी हे सहज झेलते. थकलेली किडनी झेलू शकत नाही. दोन-तीन दिवसांत रक्तातले क्रिएटिनिन वाढते. बऱ्याच जणांत ते एक ते तीन आठवड्यांत पूर्वपदावर येते. काहींत येत नाही.

गेल्या काही वर्षांत या धोक्याचा फेरविचार झाला आहे. हाताच्या शिरेतून डाय देऊन केलेल्या सीटी स्कॅननंतर जी किडनी बिघडते, तिचे खापर पूर्वी सरसकट डायवर फोडले जाई. प्रत्यक्षात त्यातले बरेच रुग्ण आधीच जंतुसंसर्ग, कमी रक्तदाब, हृदयाचा अशक्तपणा यांनी आजारी असतात. म्हणून आता खरी काळजी ‘ईजीएफआर’ ३० च्या खाली असलेल्यांची करावी, ३० ते ४५ मध्ये सावध राहावे, असा सूर आहे. धमनीतून दिलेल्या डायचे मात्र थोडे वेगळे आहे. तो जास्त तीव्रतेने किडनीपर्यंत पोहोचतो आणि नळी फिरताना धमनीच्या भिंतीवरचा कचराही सुटून किडनीत अडकू शकतो. म्हणून हृदयाच्या, पोटातल्या महाधमनीच्या आणि पायाच्या धमन्यांच्या उपचारांत डाय जपून वापरणे आजही शहाणपणाचे आहे.

गावनकाशा आणि जमीन

इमेज फ्यूजन समजायला आपल्याकडे एक चांगले उदाहरण आहे. शेताची मोजणी करायला भूकरमापक येतो, तेव्हा तो सगळी जमीन नव्याने शोधत बसत नाही. त्याच्याजवळ नकाशा असतो. तो हद्दीचा एखादा पक्का दगड शोधतो, नकाशावरच्या खुणेशी जुळवतो, आणि मग बाकीचे बांध आपोआप जागेवर येतात.

फ्यूजनमध्ये नेमके हेच होते. रुग्णाचा सीटी अँजिओग्राफी स्कॅन आधी झालेला असतो. त्यातून रक्तवाहिन्यांचा त्रिमितीय नकाशा संगणकावर तयार करतात. उपचाराच्या वेळी टेबलावरच्या जिवंत क्ष-किरण चित्रावर हा नकाशा चढवतात. जुळवण्यासाठी हद्दीचा दगड म्हणून पाठीच्या मणक्यांचा उपयोग होतो, कारण हाडे डायशिवाय दिसतात. एकदा जुळणी झाली की टेबल सरकवले, यंत्राचा कोन बदलला, तरी नकाशा सोबत सरकतो. किडनीला जाणारी फांदी कुठे फुटते, आतड्याची धमनी कुठे आहे, हे पडद्यावर रेषांनी दिसत राहते. त्यासाठी दर वेळी डाय मारावा लागत नाही. शेवटी नकाशा बरोबर आहे याची खात्री करण्यापुरता आणि काम झाल्यावर तपासण्यापुरता डाय लागतो.

याचा सर्वाधिक उपयोग पोटातल्या महाधमनीच्या फुगवट्यावर आतून नळी बसवण्याच्या उपचारात होतो. हा उपचार अर्जेंटिनाच्या हुआन परोदी यांनी १९९० मध्ये ब्युनोस आयर्सला पहिल्यांदा केला. फुगवटा किडनीच्या धमन्यांजवळ असेल, तर नळीला खिडक्या ठेवून प्रत्येक फांदीत वेगळी छोटी नळी बसवावी लागते. तिथे पूर्वी डाय अक्षरशः ओतावा लागे. फ्यूजनमुळे अशा गुंतागुंतीच्या उपचारांत डाय कमी लागतो, असे अनेक देशांतील केंद्रांचे अनुभव सांगतात. एवढे मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवे की यातले बरेच अभ्यास एकेका रुग्णालयातले, लहान, आणि पूर्वीच्या रुग्णांशी तुलना करणारे आहेत. डाय कमी लागतो हे बऱ्यापैकी पक्के आहे. त्यामुळे किती किडन्या वाचतात, याचा पुरावा तेवढा पक्का नाही.

नकाशा चुकतो तेव्हा

१९९३ च्या ३० सप्टेंबरला किल्लारीचा भूकंप झाला. त्यानंतर लातूर आणि आपल्या जिल्ह्यातली अनेक गावे नव्या जागी वसली. जुना गावनकाशा हातात घेऊन आज त्या गावात फिरायला निघालात, तर चावडीच्या जागी बाभळी दिसतील. नकाशा खोटा नव्हता, गाव हलले.

शरीरातही गाव हलते. सीटी स्कॅन झाला तेव्हा वाकडी असलेली धमनी आत कडक तार घातली की सरळ होते आणि फांद्यांची जागा काही मिलिमीटर सरकते. रुग्णाने श्वास घेतला की किडनी वरखाली होते. पाय किंचित वळला की पायाच्या धमनीचा नकाशा बिघडतो. म्हणून रेषेवर डोळे झाकून विश्वास ठेवणारा डॉक्टर धोकादायक ठरू शकतो. हृदयाच्या बाबतीत तर ही अडचण फारच मोठी आहे, कारण हृदयाच्या धमन्या दर ठोक्याला हलतात. तिथे ठोक्यागणिक हलणारा नकाशा दाखवणाऱ्या वेगळ्या प्रणाली आल्या आहेत, पण आपल्या भागातल्या रुग्णाला त्या आज मिळतील असे समजू नये.

आणखी एक मुद्दा फ्यूजनच्या जाहिरातींत ठळक दिसत नाही. नकाशा ज्या सीटी अँजिओग्राफीवरून काढायचा, तिलाही साधारण ६० ते १०० मिलिलिटर डाय लागतो. काल सीटीसाठी तेवढा डाय दिला आणि आज टेबलावर ४० मिलिलिटर वाचवला, तर किडनीच्या दृष्टीने काय साधले? फ्यूजनचा फायदा खरा तेव्हाच, जेव्हा सीटी आधीच झालेला असतो, मध्ये किडनीला सावरायला काही दिवस मिळालेले असतात, आणि तोच सीटी वापरला जातो, पुन्हा केला जात नाही.

इथे आपल्याकडचे एक साधे वास्तव आडवे येते. रुग्ण पिशवीतून मोठ्या फिल्मा आणतात किंवा मोबाइलवर रिपोर्टचा फोटो दाखवतात. फिल्मवरून फ्यूजनचा नकाशा बनत नाही. त्याला बारीक कापांची मूळ संगणकीय माहिती लागते, ती सीडीत किंवा पेन ड्राइव्हमध्ये असते. सीडी दिलेली नसते, दिली तर घरी हरवते, किंवा मोडते. मग दुसऱ्या शहरात गेल्यावर स्कॅन पुन्हा होतो. डायही पुन्हा. कोट्यवधींच्या यंत्राने जे वाचवायचे, ते अशा वेळी पन्नास रुपयांच्या सीडीपायी जाते.

यंत्राशिवाय होणारी बचत

माझे मत असे की फ्यूजन आले पाहिजे. राज्यात नव्या कॅथलॅबची खरेदी होईल तेव्हा फ्यूजनची सोय, ती चालवणाऱ्या तंत्रज्ञांचे प्रशिक्षण आणि देखभालीचा करार हे तिन्ही एकत्र मागितले पाहिजेत. नुसते सॉफ्टवेअर विकत घेऊन ते न वापरता पडून राहण्याला अर्थ नाही. पण ते येईपर्यंत हातावर हात ठेवून बसण्याचेही कारण नाही. डाय कमी करण्याचे मोठे उपाय स्वस्त आहेत.

पहिला उपाय गणिताचा. क्रिएटिनिनचा आकडा एकटा फसवा असतो. तिशीतल्या पुरुषाचे क्रिएटिनिन १.४ असेल तर त्याचा ईजीएफआर सत्तरच्या आसपास निघतो. सत्तरीतल्या आजीचे क्रिएटिनिन तेच १.४ असेल, तर तिचा ईजीएफआर चाळीसच्या आसपास असतो. कागदावर आकडा एकच. एकाची किडनी बरी, दुसरीची निम्म्याहून कमी. डॉक्टरांमध्ये रूढ असलेला साधा नियम असा की डायचे मिलिलिटर ईजीएफआरच्या दोन ते तीन पटींच्या आत ठेवावेत. म्हणजे आजींसाठी मर्यादा ८० ते १२० मिलिलिटर. साध्या अँजिओग्राफीत तेवढा लागत नाही. पण अवघड अँजिओप्लास्टीत २०० मिलिलिटरपर्यंत सहज जाता येते. हा आकडा सुरुवातीलाच कॅथलॅबच्या फळ्यावर लिहिला, तर सगळ्यांचा हात आपोआप आखडतो.

दुसरा उपाय टप्प्यांचा. आमच्याकडचे नातेवाईक सांगतात, ‘एकाच खेपेत सगळं उरकून टाका.’ त्यांचेही चूक नाही. मजुरी बुडते, गाडीभाडे लागते, सोबत यायला माणूस मिळत नाही. पण तीन धमन्यांचे काम एकाच दिवशी करायचे तर डायही एकाच दिवशी सगळा जातो. तातडी नसेल आणि किडनी अशक्त असेल, तर दोन खेपा केलेल्या बऱ्या. डायलिसिस लागले तर आठवड्याला दोन-तीन खेपा कराव्या लागतात, त्याही जन्मभर.

तिसरा उपाय पर्यायी साधनांचा. धमनीच्या आत जाणारी अल्ट्रासाउंडची नळी डायशिवाय आतले चित्र दाखवते. ब्राझीलमध्ये झालेल्या ‘मोझार्ट’ या अभ्यासात, जो २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला, अशा नळीच्या मदतीने अँजिओप्लास्टी केल्यावर डायचे मध्यम प्रमाण ६४.५ मिलिलिटरवरून २० मिलिलिटरवर आले. पायाच्या धमन्यांसाठी काही ठिकाणी डायऐवजी कार्बन डायऑक्साइड वायू वापरतात. तो किडनीला अपाय करत नाही, मात्र हृदयाच्या आणि मेंदूच्या धमन्यांत तो चालत नाही.

चौथा उपाय सर्वांत स्वस्त, तो म्हणजे पाणी. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या पुढे जातो. रुग्णाला ‘उपाशी या’ असे सांगितलेले असते. तो पहाटे घरून निघतो, पाण्याचा घोटही घेत नाही, एसटीने शहर गाठतो आणि दुपारी दोनला त्याचा नंबर लागतो. अशी सुकलेली किडनी घेऊन तो डायला सामोरा जातो. ऊसतोडीहून किंवा रानातून थेट आलेल्या माणसाची अवस्था याहून वाईट. भूलशास्त्राच्या प्रचलित नियमांनुसार साधे पाणी सहसा दोन तास आधीपर्यंत चालते. ‘उपाशी’ म्हणजे नेमके काय बंद आणि काय चालेल, हे रुग्णालयाने चिठ्ठीवर लिहून द्यावे. हृदय अशक्त असलेल्यांनी किंवा अंगावर सूज असलेल्यांनी मात्र पाणी किती प्यायचे, हे डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

याच्या जोडीला कंबरदुखी-गुडघेदुखीच्या गोळ्यांचा विषय येतो. डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या आपल्याकडे किराणा घ्यावा तशा घेतल्या जातात. त्या किडनीचा रक्तपुरवठा आकसवतात. डायच्या आधी त्या बंद असल्या पाहिजेत. मधुमेहाची मेटफॉर्मिन ही गोळी चालू असेल तर ती थांबवायची की नाही, हे ईजीएफआर पाहून डॉक्टर ठरवतील. पण ती चालू आहे हे त्यांना सांगायला हवे. उलट, किडनी वाचावी म्हणून अनेक वर्षे दिल्या जाणाऱ्या एन-अॅसिटिलसिस्टीन या औषधाचा आणि सोडा-बायकार्बचा काही जास्तीचा उपयोग होत नाही, हे सुमारे पाच हजार रुग्णांच्या ‘प्रिझर्व्ह’ चाचणीत २०१८ मध्ये दिसले. त्यावर खर्च करून सुरक्षित झाल्याचे समाधान मानू नये.

कार्डावर एक ओळ

आता माझी मुख्य मागणी. रुग्णालयातून घरी जाताना मिळणाऱ्या कार्डावर स्टेंटचा नंबर असतो, कंपनीचे स्टिकर असते, औषधांची यादी असते. डाय किती मिलिलिटर दिला, हे बहुतेक वेळा नसते. कॅथलॅबच्या नोंदीत तो आकडा बऱ्याचदा असतो. तो रुग्णाच्या हातात पडत नाही. सरकारी असो वा खासगी, प्रत्येक रुग्णालयाने तीन आकडे कार्डावर लिहावेत: आधीचा ईजीएफआर, दिलेला डाय, आणि दोन ते तीन दिवसांनंतरचे क्रिएटिनिन.

तिसरा आकडा लिहायला आपल्या व्यवस्थेत जागाच नाही. रुग्ण दुसऱ्या दिवशी घरी जातो आणि किडनीची इजा रक्तात दिसते ती दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, गावात. ती पाहायला तिथे कुणी नसते. महिन्याने सूज आली की मग तपासणी होते. वास्तविक ही तपासणी जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा लोहाऱ्याच्या ग्रामीण रुग्णालयात होऊ शकते. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासण्या मोफत आहेत. गरज आहे ती कार्डावर तारीख घालून ‘या दिवशी क्रिएटिनिन तपासा’ असे लिहिण्याची, आणि आरोग्य केंद्राने तो निकाल उपचार करणाऱ्या डॉक्टरांना कळवण्याची. योजनेतून पैसे देणाऱ्या यंत्रणेने बिलासोबत डायचा आकडा मागितला, तर हे सहा महिन्यांत अंगवळणी पडेल.

काही सहकारी म्हणतात की यामुळे रुग्ण आणखी घाबरतील, तक्रारी वाढतील. मला उलटे वाटते. आज भीती आहे ती अंधारातली आहे. ‘आजी, तुमची किडनी इतकी आहे, त्यामुळे डाय इतक्याच्या आत ठेवणार आहोत’ असे सांगितले की माणूस समजून घेतो. शिवाय काटकसरीचे दुसरेही कारण आहे. २०२२ मध्ये कोविडच्या टाळेबंदीमुळे शांघायमधला डाय बनवणारा एक मोठा कारखाना बंद पडला, तेव्हा अमेरिकेतल्या मोठमोठ्या रुग्णालयांनाही डाय पुरवून वापरावा लागला होता. मोजून वापरण्याची सवय तेव्हा त्यांना लागली. आपल्याला ती संकटाआधीच लावून घेता येईल.

एक गोष्ट मात्र कुणीही विसरू नये. छातीत कळ येऊन झटक्याचे निदान झाले असेल, तर डायच्या भीतीने थांबू नका. बंद धमनीमुळे हृदयाचा स्नायू मिनिटामिनिटाला मरत असतो, आणि हृदय बंद पडले तर चांगल्या किडनीचा उपयोग नाही. हिशेब, टप्पे, दुसरा सल्ला हे सगळे सवडीने करायच्या तपासण्यांसाठी आहे.

घरातले कुणी अशा सवडीच्या अँजिओग्राफीला निघाले असेल, तर सोबत जाणाऱ्याने एवढे करावे. जुन्या स्कॅनची सीडी आणि चालू गोळ्यांची पाकिटे पिशवीत टाकावीत. पाणी कधीपर्यंत प्यायचे ते आदल्या दिवशी विचारावे. ईजीएफआर किती आहे ते विचारावे. आणि निघताना, कार्ड हातात आल्यावर, ‘डाय किती दिला, तेवढं इथं लिहून द्या’ असे नम्रपणे सांगावे.